घड्याळ कशाशी जुळवायचे?

गणेशचतुर्थीचे पूजन मध्यान्ही करावे, अशी आपली रीत आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे पाच सारखे भाग केले, की त्यातला तिसरा भाग म्हणजे मध्यान्ह. पण मध्यान्ह कुठला धरायचा, मुंबईचा की झाशीचा? मुंबई ७३ रेखांशाच्या किंचित अलीकडे, तर आपली झाशी साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने इथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २३ मिनिटे आधी डोक्यावर येतो. मुंबईसाठी छापलेल्या वेळा पाहून इथे पूजा मांडली, तर जवळजवळ एका घटकेचा फरक पडतो. घड्याळ दोन्हीकडे बरोबरच असते. फरक असतो तो आपण ते कशाशी जुळवतो याचा.

हे आठवायचे कारण म्हणजे सध्या आपल्या कॉलनीत आणि ऑफिसात चाललेली एक चर्चा. दसऱ्याच्या सुमारास बोनस हातात पडला, की स्मार्टवॉच घ्यावे का? दीड-दोन हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत वस्तू उपलब्ध आहेत. पावले मोजते, नाडी मोजते, झोप मोजते, आणि हो, वेळही दाखवते! मी सिग्नल खात्यातला माणूस. घड्याळाशी आमचा संबंध रोजचा, म्हणून अनेक जण मलाच विचारतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा, घड्याळाच्या इतिहासातून या प्रश्नाचे उत्तर मिळते का ते पाहावे, असे ठरवले.

घटिकापात्रापासून रेल्वेपर्यंत

‘घड्याळ’ हा शब्दच मुळी ‘घटी’वरून आला. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. अशा ६० घटका म्हणजे एक दिवस-रात्र. लग्नघरी सूर्य पाहून घटिकापात्र पाण्यात सोडले जाई. वाटी तांब्याची असली, तरी ती जुळवली जाई सूर्याशी. प्रत्येक गावाचा सूर्य वेगळा, म्हणून प्रत्येक गावाची वेळही वेगळी. बैलगाडीच्या जमान्यात त्यावाचून कुणाचे काही अडत नव्हते.

अडू लागले ते रेल्वेमुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, तेव्हा दोन्ही टोकांच्या वेळेत फरक जाणवण्याइतका नव्हता. पण १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला आणि खरी पंचाईत झाली. मुंबई आणि कलकत्ता यांच्या स्थानिक वेळांत एक तासाहून अधिक अंतर. वेळापत्रक छापायचे ते कुणाच्या वेळेनुसार? शेवटी रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रासला वेधशाळा होती आणि तिची वेळ मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे, तर कलकत्त्याच्या सुमारे अर्धा तास मागे, म्हणजे बरोबर मधली. तारायंत्रावरून ती वेळ स्टेशनांवर पोहोचू लागली. गावात एक वेळ आणि स्टेशनवर दुसरी, असा प्रकार त्यामुळे बरीच वर्षे चालला.

१ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ आली. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली ही वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, आणि ती रेषा आपल्याच उत्तर मध्य रेल्वेवरच्या मिर्झापूरजवळून जाते. मुंबईकरांना मात्र हा बदल रुचला नाही. नवी वेळ त्यांच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांनी निषेध केला, महापालिकेने जुनीच वेळ पाळायचा ठराव केला, आणि ‘मुंबई टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे तग धरून राहिला. आज याचे हसू येते. पण त्या लोकांचा प्रश्न रास्त होता. माझे घड्याळ कशाशी जुळवायचे हे कोण ठरवणार, असे ते विचारत होते.

गार्डचे घड्याळ

रेल्वेने या प्रश्नाचे उत्तर नियमातच लिहून ठेवले आहे. आपल्या ‘जनरल रूल्स’मध्ये दोन साधे नियम आहेत. एक, प्रमाणवेळ रोज १६.०० वाजता मुख्य स्थानकांना कळवली जावी. दुसरा, गाडी सुटण्यापूर्वी गार्डने आपले घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी जुळवावे आणि ती वेळ ड्रायव्हरला सांगावी. ड्रायव्हरने आपले घड्याळ त्याप्रमाणे लावावे. २०२२ पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, ड्रायव्हरचा ‘लोको पायलट’ तर त्याआधीच झाला. पदनामे बदलली, तत्त्व तेच राहिले. गार्डच्या खिशातले घड्याळ किती भारी आहे, हे नियम विचारत नाही. ते कशाशी ताडून पाहिले, एवढेच विचारतो.

ही काळजी उगाच घेतलेली नाही. एप्रिल १८९१ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातील किप्टन येथे टपालगाडी आणि प्रवासी गाडी समोरासमोर धडकल्या. एका ड्रायव्हरचे घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा आपोआप चालू झाले होते, असे त्या अपघाताबद्दल सांगितले जाते. त्यानंतर क्लीव्हलँडचे जवाहिर वेब बॉल यांच्याकडे घड्याळ तपासणीचे काम आले. तिथल्या रेल्वेंमध्ये ‘रेलरोड वॉच’चे कडक निकष रूढ झाले: आठवड्यात ३० सेकंदांहून अधिक चूक नको, तबकडीवर ठळक अंक हवेत, थंडी-उन्हात चाल बदलता कामा नये, आणि ठरावीक काळाने तपासनीसाकडे दाखवलेच पाहिजे. घड्याळ विकत घ्यायचे कसे, याचा याहून चांगला धडा मला कुठे सापडलेला नाही. आधी काम ठरवले, मग कामाला लागणारे निकष ठरवले आणि तपासणीची सोय केली. बाजारात काय चकाकते आहे, ते त्यांनी पाहिले नाही.

आमच्या खात्यात आजही हाच न्याय आहे. रिले रूममधला डेटा लॉगर प्रत्येक रिलेची हालचाल वेळेसह नोंदवतो. काही घडले आणि दोन स्टेशनांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहायच्या ठरल्या, तर दोन्हीकडची घड्याळे जुळलेली असावी लागतात. नाहीतर आधी काय झाले आणि नंतर काय, हेच ठरत नाही. न जुळवलेली नोंद कितीही सुबक छापून आली, तरी तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

जनतेचे घड्याळ

मनगटावरचे घड्याळ हे तसे अलीकडचे. पूर्वी पुरुषांचे घड्याळ खिशात असे आणि मनगटावरचे घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना समजला जाई. पहिल्या महायुद्धात खंदकात उभ्या असलेल्या सैनिकाला खिशात हात घालायला सवड नव्हती, म्हणून घड्याळ मनगटावर आले आणि तिथेच राहिले. इथेही काम आधी आणि वस्तू नंतर.

आपल्याकडे घड्याळ सामान्य माणसाच्या हाती दिले ते एचएमटीने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला कारखाना निघाला आणि १९६१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर पडली. ‘जनता’ हे त्यातले सर्वांचे लाडके. रोज सकाळी चावी द्यायची, एवढीच त्याची अपेक्षा. मॅट्रिक पास झालेल्या मुलाला, नव्या जावयाला, निवृत्त होणाऱ्या फोरमनला एचएमटी देण्याची आपल्याकडे प्रथाच होती. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइको कंपनीने पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन म्हणजे एका मोटारगाडीएवढी होती. पुढे तेच तंत्र कमालीचे स्वस्त झाले. आजच्या साध्या घड्याळातला क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्या संख्येची पंधरा वेळा निम्मे-निम्मे केले, की बरोबर एक उरतो आणि काटा एक सेकंद पुढे सरकतो. किती सोपी युक्ती! या युक्तीने स्वित्झर्लंडमधल्या हजारो कारागिरांचे काम गेले. आपल्याकडे १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्‌झ घड्याळे आली आणि एचएमटी मागे पडत गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. कंपनी बंद झाली म्हणून कुणाच्या मनगटावरची ‘जनता’ बंद पडली नाही. चावी दिली की ती चालते, बिघडली तर बाजारातला घड्याळजी ती उघडून साफ करून देतो.

स्मार्टवॉचची पूर्वपिठिका

स्मार्टवॉच ही कालपरवाची कल्पना नाही. १९८० च्या दशकातच सेइकोने माहिती साठवणारी आणि संगणकाला जोडता येणारी मनगटी घड्याळे काढली होती. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर चालणारी घड्याळे अमेरिकेत विक्रीला आली. एफएम रेडिओच्या लहरींवरून ती हवामान, बातम्या वगैरे घेत आणि त्यासाठी वर्षाची वर्गणी पडे. २०११ च्या अखेरीस ती सेवाच बंद करण्यात आली. घड्याळे धडधाकट होती, पण ज्यासाठी ती घेतली ते कामच गेले. २०१२ मध्ये ‘पेबल’ नावाच्या घड्याळासाठी सुमारे ६९ हजार लोकांनी आगाऊ एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. डिसेंबर २०१६ मध्ये ती कंपनी फिटबिटने घेतली आणि २०१८ च्या मध्याला पेबलच्या अधिकृत सेवा संपल्या. पुढे काही हौशी मंडळींनी आपल्या बळावर त्यातल्या काही चालू ठेवल्या.

एप्रिल २०१५ मध्ये ॲपलचे घड्याळ आले. त्याची सोन्याची आवृत्ती दहा हजार डॉलरपासून पुढे होती. २०१८ मध्ये त्यांची जी नवी प्रणाली आली, ती पहिल्या पिढीच्या घड्याळांवर चालली नाही. साध्यावर नाही आणि सोन्याच्यावरही नाही. सोने सोनेच राहिले, घड्याळ मात्र जुने झाले.

आता घेणाऱ्याने विचारायचे प्रश्न

हा इतिहास पाहून मला तीन प्रश्न सुचतात.

पहिला प्रश्न: काम काय? वेळ पाहण्यासाठी स्मार्टवॉचची गरज नाही. ती वेळ मोबाइलवरून येते आणि अचूक असते, पण मोबाइल खिशातच असतो. ‘यामुळे मी उद्यापासून नेमके काय वेगळे करणार?’ याचे उत्तर एका वाक्यात देता आले, तर पुढे जावे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे आणि मोजल्याशिवाय पाय उचलत नाहीत, हे उत्तर चालेल. शेजारच्या क्वार्टरमध्ये आले, हे चालणार नाही.

दुसरा प्रश्न: आयुष्य किती? आत लिथियम बॅटरी असते. ती दर चार्जिंगला थोडी थोडी झिजते आणि रोज चार्ज करायचे घड्याळ वर्षाला ३६५ वेळा चार्ज होते. पट्ट्याएवढ्या जागेत बसवलेली ही बॅटरी बदलणे, विशेषतः स्वस्त घड्याळात, अवघडच. त्यात कंपनीने ॲप बंद केले, तर संपलेच. म्हणून किमतीला तीनाने भागावे, आणि तेवढी रक्कम दरवर्षी खर्चायची तयारी आहे का, ते स्वतःला विचारावे. ‘एकदाच घेतो, चांगले घेतो’ हे एचएमटीच्या काळातले गणित इथे लागू होत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: त्यातले आकडे ताडायचे कशाशी? घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा त्वचेतून परतणाऱ्या उजेडातला चढउतार पाहून नाडी मोजतो. बाकीचे बरेच आकडे हे अंदाज असतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूने सात उपकरणे तपासली. त्यातल्या सहांची नाडीमधली चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण खर्च झालेल्या कॅलरी सांगताना सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲपलच्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक होते. त्यातल्या सुमारे अर्ध्या टक्क्यालाच अनियमित नाडीची सूचना मिळाली, आणि ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोकांत हृदयाची ती लय प्रत्यक्ष आढळली. म्हणजे सूचना आली तर डॉक्टरकडे जावे, हे खरे. पण सूचना म्हणजे निदान नव्हे. आणि सूचना आली नाही म्हणजे सारे ठीक, असेही नव्हे.

साखर मोजणाऱ्या घड्याळांविषयी तर स्पष्टच सांगतो. सुई न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्यानंतरही अशा जाहिराती दिसतात. तसल्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणी गोळी किंवा इन्सुलिन कमी-जास्त केले, तर जिवावर बेतू शकते.

गार्डच्या घड्याळासाठी स्टेशनचे घड्याळ असते, तसे आपल्या स्मार्टवॉचसाठीही एक ‘स्टेशनचे घड्याळ’ हवे. दवाखान्यातला ईसीजी, दंडाला पट्टा लावून रक्तदाब मोजणारे यंत्र, प्रयोगशाळेतली साखरेची तपासणी, आणि या सर्वांचा अर्थ सांगणारा डॉक्टर. हे ज्याच्याकडे आहे, त्याच्या हातात स्मार्टवॉच उपयोगी. ज्याच्याकडे नाही, त्याने आधी ते मिळवावे, घड्याळ नंतर.

दुसऱ्या टोकाला कोण?

आपल्यासारख्या, घरापासून हजार-आठशे किलोमीटरवर नोकरी करणाऱ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट येते. आपले आई-वडील तिकडे, आपण इकडे. माझी आई भुसावळला एकटी राहते. पडल्यावर फोन करणारे घड्याळ तिला घेऊन द्यावे, असे आम्हा भावंडांत निघाले. तेव्हा मी आमच्या खात्यातल्या सवयीप्रमाणे आधी सर्किट तपासले. घड्याळात सिम नसेल, तर सूचना मोबाइलमार्फत जाते आणि मोबाइल साधारण दहा मीटरच्या आत हवा. आईचा मोबाइल देवघरात, आणि पाय घसरायची भीती न्हाणीघरात! शिवाय घड्याळ रात्री चार्जिंगला लावले, तर नेमके रात्री उठताना ते मनगटावर नाही. आणि समजा सूचना झाशीला माझ्यापर्यंत पोहोचली. मी पहिली गाडी पकडली, तरी तिच्यापर्यंत पोहोचायला कित्येक तास लागणार.

सिग्नल लाल झाला म्हणून गाडी आपोआप थांबली, असे जुन्या काळी नव्हते. तो पाहून ब्रेक लावणारा माणूस लागे. इथेही तसेच आहे. म्हणून आम्ही आधी शेजारच्या काकूंकडे घराची जादा किल्ली दिली, त्यांचा आणि जवळच्या डॉक्टरांचा नंबर आईच्या मोबाइलमध्ये पहिला लावला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. मग सिम चालणारे घड्याळ घेतले, सूचना पहिल्यांदा काकूंना जाईल अशी व्यवस्था केली, आणि चार्जिंगची वेळ ठरवली ती दुपारी, काकू गप्पा मारायला येतात तेव्हाची. घड्याळाला लागले त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत बाकीची सर्व व्यवस्था झाली, आणि मला तरी अधिक भरवसा त्या व्यवस्थेचाच वाटतो. स्वतःसाठी मात्र मी स्मार्टवॉच घेतलेले नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला एका वाक्यात देता आले नाही, एवढेच.

तेव्हा ज्याला काम आहे, तीन वर्षांचा हिशेब परवडतो आणि आकडे ताडून पाहायची सोय आहे, त्याने खुशाल घ्यावे. पैसे वाया जाणार नाहीत. बाकीच्यांनी यंदाच्या बोनसमधून रक्तदाबाचे चांगले यंत्र घ्यावे आणि गावाकडे आई-वडिलांना तपासणीसाठी घेऊन जावे. आणि घरात जुनी ‘जनता’ पडून असेल, तर तिला रोज चावी देत जा. काही मिनिटे मागे पडली, तर स्टेशनवर या, जुळवून देऊ!

गणपती बाप्पा मोरया!